गार हात लावू न्हाई

बाळाला हात लावण्याआधी मावशी दोन्ही तळहात एकमेकांवर खसाखसा घासायच्या. हात धुवायच्या, कोरडे करायच्या, मग घासायच्या, स्वतःच्या गालाला लावून बघायच्या आणि मगच काचेच्या पेटीत घालायच्या. "गार हात लावू न्हाई, बाई. लेकरू दचकतं." बीडला नवजात बाळांच्या कक्षात मी नोकरीला लागले त्या पहिल्याच दिवशी हे ऐकलं आणि पुढची नऊ वर्षं ऐकत राहिले.

अशी एखादी बाई तुम्हीही कुठल्या तरी दवाखान्यात पाहिली असेल. पदानं आया, पण नवा डॉक्टर गोंधळला की आधी तिच्याच तोंडाकडे बघतो. मावशी नेकनूरहून सकाळच्या एसटीनं यायच्या. मी परिचारिका, त्यांच्याहून वीस वर्षांनी लहान आणि कागदावर त्यांची वरिष्ठ. मी तो वरिष्ठपणा भरपूर गाजवायचे. त्या गाजवू द्यायच्या आणि माझा चहा निवला की न सांगता गरम करून आणायच्या. गार म्हणून काहीच त्यांना बघवत नसे.

त्यामुळे आमच्याकडे आलेल्या एका तरुण डॉक्टरांनी जेव्हा बाळांना मुद्दाम गार करायला सुरुवात केली, तेव्हा मावशींचा चेहरा बघण्यासारखा झाला. जन्मताना ज्यांचा श्वास अडकला, जी रडलीच नाहीत, अशी ही बाळं. त्यांच्या अंगाखाली गार पिशव्या ठेवायच्या, तीन दिवस अंग ठरावीक अंशांपर्यंत थंड राखायचं आणि मग अगदी हळूहळू ऊब द्यायची.

"इंचभर लेकराला थंडीत निजवता व्हय? कावून, साहेब?"

डॉक्टर चिडले नाहीत. स्टूल ओढून बसले आणि त्यांनी मावशींना समजावलं. प्राणवायू बंद पडला की मेंदूला मार बसतो, पण सगळा मेंदू त्याच घटकेला जात नाही. पुढचे काही तास, काही दिवस आतली नासधूस पसरत राहते. गार ठेवलं तर ती मंदावते आणि जेवढं वाचण्यासारखं आहे तेवढं वाचू शकतं.

मावशी ऐकत राहिल्या. मग खाली बघून म्हणाल्या, "मंजे आमच्या पोराला गार ठिवलं असतं तर?"

त्यांना मुलगा आहे हे मला तेव्हा कळलं. इतकी वर्षं शेजारी काम करून मी कधी विचारलंच नव्हतं, हे सांगायला मला आजही लाज वाटते. घरीच बाळंतपण झालं होतं. पोर निळंकाळं, आवाज नाही. सुइणीनं नाळ न कापता तिच्या दुसऱ्या टोकाची वार तव्यावर शेकली. जुन्या बायकांची समजूत अशी की ती ऊब नाळेतून बाळात जाते. बऱ्याच वेळानं पोर रडलं. आता तो सव्वीस वर्षांचा होता. चालला नाही, बोलला नाही, नजरही कुठे ठरत नाही. "ऊब दिली म्हून तर जगला," असं मावशी आजवर धरून चालल्या होत्या.

दुसऱ्या दिवसापासून गार पिशव्या मावशीच बदलू लागल्या. हात मात्र घासूनच लावायच्या.

काही महिन्यांनी चहाच्या वेळी डॉक्टर मोबाइलवर काहीतरी वाचत होते. म्हणाले, "मावशी, गांजाच्या झाडात एक द्रव्य असतं. त्यानं नशा होत नाही. प्राणवायू तुटलेल्या पिलांच्या मेंदूचा बचाव त्यानं होतो का, ते बाहेरदेशी बघताहेत."

"कुणाच्या पिलांच्या?"

"डुकराच्या."

मावशींनी कपाळाला हात लावला. "शंकराचा परसाद अन् डुकराला! मग लेकरायला कव्हा?"

डॉक्टर म्हणाले, पिलांमध्ये बरं दिसतंय, माणसाच्या बाळांचं आत्ता कुठं सुरू होतंय, वेळ लागेल. मावशींनी त्यातलं 'बरं दिसतंय' एवढंच उचललं आणि नेकनूरच्या एसटीत सगळ्यांना सांगून टाकलं. त्याचा परिणाम आठवडाभरात दिसला. एका बाळाचे आजोबा धोतराच्या सोग्यात गांजाची पुडी बांधून थेट दाराशी हजर! मावशींनी त्यांना बाहेर नेऊन पुडी गटारात टाकायला लावली. "आजा, हे वढायचं न्हाई अन् लेकराला हुंगवायचं तर न्हाईच न्हाई! त्यातून काडलेलं औषध येनार हाय. ते बी अजून आलं न्हाई!" आत येऊन मला म्हणाल्या, "माझंच थोबाड लई चालतं, बाई." आम्ही पोटभर हसलो. त्यानंतर दर महिन्याला त्या डॉक्टरांना विचारायच्या, "साहेब, त्या गांजाचं काय झालं?"

आता जे सांगायचं आहे ते मी बरीच वर्षं कुणाला सांगितलेलं नाही.

पाटोद्याकडची एक मुलगी होती, पहिलटकरीण. तिच्या बाळाला गार ठेवल्याचा दुसरा दिवस. दुपारी भेटीच्या वेळी बाळाची आजी काचेपलीकडे उभी राहून रडत होती, "गारठलं गं माझं लेकरू, कुनीतरी पांगरून घाला." मी दुसऱ्या बाळाला सुई लावत होते. पडद्यावरचा तापमानाचा आकडा हळूहळू चढलेला मला उशिरा दिसला. धावत गेले. बाळाच्या डोक्यावर लोकरीचं टोपरं होतं आणि त्यावर मावशींचे दोन्ही तळहात.

मी टोपरं ओढून काढलं. मावशी म्हणाल्या, "म्हातारी लई रडत होती, बाई. घटकाभरच..."

"तुम्हाला सगळं समजावलेलं असताना? या तुमच्या हातांनीच वाटोळं व्हायचं या लेकराचं!"

असं मी म्हणाले. सगळ्यांदेखत, मोठ्यानं.

डॉक्टरांनी नोंदी बघितल्या. फरक थोडा होता, थोडाच वेळ होता. त्यानं काही बिघडलं असेल असं वाटत नाही, असं ते म्हणाले. बाळ घरी गेलं. पुढे तपासणीला आणलं तेव्हा त्याच्या मुठी उघडत नव्हत्या आणि मान ठरत नव्हती. "मार जन्मतानाच मोठा होता, मावशी. टोपऱ्यानं नाही झालं हे," डॉक्टरांनी तीनतीनदा सांगितलं. मावशी मान डोलवत राहिल्या. मीही तिथेच होते. मी बोललेले शब्द मागे घ्यायची ती वेळ होती. मी औषधांची कपाटं लावत बसले.

टोपऱ्याच्या त्या दिवसापासून मावशींनी कक्षात तळहात घासले नाहीत. हातमोजे चढवायच्या आणि काम करायच्या. त्यांचा प्रश्नही बदलला. "साहेब, ते औषध आलं तर लेकरू गार न करता भागंल का?"

"आत्ता तरी गारव्याच्या जोडीनंच बघताहेत, मावशी. नुसत्या औषधानं भागेल का, ते कुणालाच माहीत नाही."

"बगू द्या, बगू द्या. लेकराला उबंत ठिवता आलं पायजे."

निवृत्त झाल्यावर त्या दर महिन्याला मला फोन करायच्या. माझी, घरच्यांची विचारपूस, आणि शेवटी तेच, "आलं का वो ते?" मी म्हणायचे, "नाही अजून." एकदा मी घाईत होते, म्हणाले, "आलं की कळवीन ना, मावशी. सारखं काय विचारता?" त्यानंतर त्यांचा फोन आला नाही. मला वाटलं, रागावल्या असतील, करीन कधीतरी. पुढचा फोन आला तो त्यांच्या जावेचा. छातीत कळ येऊन मावशी गेल्या होत्या.

मी नेकनूरला गेले. जाऊबाईंनी पाणी दिलं आणि म्हणाल्या, "आता आमीच बगतो त्याला. पर त्यो नीट खात न्हाई." आतल्या खोलीत तो खाटेवर भिंतीकडे तोंड करून पडला होता. दाढी कुणीतरी नीट केलेली होती. मी जवळ बसले. त्याला हात लावायचा म्हणून, विचार न करता, दोन्ही तळहात एकमेकांवर घासले. ही सवय मला कधी लागली, ठाऊक नाही.

तो आवाज ऐकताच त्याचं सगळं अंग हललं. त्यानं मान वळवली, तोंड उघडं टाकून तो मोठ्यानं हसू लागला, हातपाय खाटेवर आपटू लागला. दारातून जाऊबाई म्हणाल्या, "सकाळी उठवताना ती तसंच करायची. त्याला वाटलं, माय आली."

मी हात त्याच्या गालावर ठेवला. हात चांगला ऊबदार होता. तो थोडा वेळ तसाच थांबला, मग त्याचं हसू गेलं आणि त्यानं तोंड पुन्हा भिंतीकडे वळवलं.