लाडवांखालची उपडी वाटी

दि. ३ नोव्हेंबर २०२५. रुपये १,८४० फक्त. उपाशीपोटीचं इन्शुलिन, उपाशीपोटीची साखर आणि तीन महिन्यांची सरासरी साखर, एवढ्या तपासण्यांचे पैसे मी रक्त देण्याच्या आदल्या दिवशीच भरले आणि पावती फाइलला लावली. बी.कॉम. झाल्यापासून मी एका सहकारी बँकेत हिशेब तपासतो आहे. मार्चमध्ये निवृत्त होईन. दोन रुपयांचा फरक सापडेपर्यंत मी कॅशियरला उठू दिलेलं नाही.

घरचा कारभार वेगळा. मन बेचैन झालं की मी खातो. भूक नसताना, उभ्यानं, भराभर, पोट दुखेपर्यंत, आणि घरात कोणी नसताना. मग दिवसभर स्वतःचं तोंड बघवत नाही. दिवाळीचे बेसनाचे लाडू असेच संपत आले, तेव्हा मी डब्याच्या तळाशी आमटीची वाटी उपडी घातली आणि वर लाडवांचा एक थर रचला. झाकण उघडलं की डबा भरलेला. एखाद्या शाखाधिकाऱ्यानं असं केलं असतं, तर मी त्याच्यावर चार पानी शेरा लिहिला असता.

डॉक्टर अपूर्वा म्हणाल्या होत्या, "इन्शुलिन किती वाढलंय ते बघू, त्यावर औषध ठरवू." खाण्याचं विचारल्यावर मी "बेताचं" म्हणालो होतो. माझी इच्छा एवढीच, की दोष रक्तात निघावा. इन्शुलिन दोषी ठरलं की मी सुटलो.

सकाळी सात वाजता लॅबची निशा आली. ती मूळची वर्ध्याकडची, राहते धायरीत, आणि आमच्या भागातली घरं स्कूटीवरून फिरते. माझ्या दंडाला पट्टा बांधून तिनं कागद काढला.

"काका, शेवटचं कधी खाल्लं?"

"काल रात्री साडेआठला. दोन फुलके आणि दुधी."

"दुधीच?"

"दुधीच."

"मग मिशीला लाडवाचं बेसन काहून लागून आहे?"

सहा वाजता बायको, नीरजा, फिरायला गेली होती. तपासणीच्या धास्तीनं मी तो वरचा थरही संपवला होता.

"साडेआठच लिही गं," मी म्हणालो. "एका आकड्यानं काय होतंय?"

हे वाक्य मी आजवर निदान शंभर कारकुनांकडून ऐकलं होतं. बोलणारा किती केविलवाणा दिसतो, हेही मला ठाऊक होतं.

निशानं पट्टा सोडला. "खोटी वेळ मी लिहीत नसते. आत्ता तुमचं इन्शुलिन लाडवांनी चढलेलं. त्यावर मॅडम गोळी देतील. गोळी काही डब्याचं झाकण लावत नाही, काका. किती खाल्ले?"

"दोन."

तिनं कागदाची घडी घातली.

"नऊ," मी म्हणालो. मग वाटीचंही सांगितलं. हे मी आजवर कोणालाच सांगितलं नव्हतं.

ती हसली नाही. "हे मॅडमला सांगा. हा पण आजारच असते. याचे पण डॉक्टर असतात. मी उद्या येते."

ती जिना उतरते न उतरते तोच नीरजा परतली. स्वयंपाकघरातून वाटी हातात घेऊन बाहेर आली.

"सापडली! भांडीवाल्या हिराला मी दोनदा विचारलं हिच्याबद्दल. अहो, आता तिची माफी तुम्हीच मागा."

मी मागितली. हिरा म्हणाली, "साहेब, नवे लाडू करायला बेसन पण संपलंय."

दुसऱ्या दिवशी खऱ्या उपाशीपोटी रक्त दिलं. इन्शुलिन तरीही जास्तच निघालं. म्हणजे रक्तही दोषी होतं, पण मी सुटलो नाही. डॉक्टर अपूर्वांना लाडू, वाटी, सगळं सांगितलं. त्यांनी गोळी दिली, आणि मानसोपचारतज्ज्ञांच्या नावे चिठ्ठीही. दर गुरुवारी जातो. गेल्या रविवारी चिवड्याचा अर्धा डबा गेला. तेही तिथे सांगितलं.

फुकट गेलेल्या फेरीचे शंभर रुपये लॅबनं निशाच्या पगारातून कापले. ते मी तिला अजून दिलेले नाहीत.