थोरल्याला टोपलीत कोंडलं

बायजाबाईंनी जन्मभर भिवंडीच्या बाजारात पाटी लावून मासळी विकली, आणि त्यांची सून सुवर्णा बघा, तिने मासळी घरात आणून पाळली! त्यांच्या राहनाळ गावात लोकांची हसून हसून पोटं दुखली. "तळायचं सोडून पाळतं का कोन?" असं बायजाबाई स्वतःच चारचौघींत म्हणायच्या. पण सुवर्णा हट्टी. गोडाऊनमध्ये खोकी भरायची ड्युटी उरकून यायची, हातपाय धुवायची की चालली टाकीपाशी. खाऱ्या पाण्याची टाकी म्हणजे नुसते लाड. मीठ कमी पडलं का बघा, पाणी तापलं का बघा, काच पुसा. नवरा दिनेश टेम्पो घेऊन गुजरातच्या फेऱ्या मारायचा. तो म्हणायचा, "मला ताप आला तर एवढं करशील का गं?"

टाकीत मासे तीनच. एक पिवळाधमक, टँग जातीचा, घरात सगळ्यात आधी आलेला, म्हणून त्याचं नाव दादा. आणि नारिंगी अंगावर पांढरे पट्टे असलेल्या क्लाउनफिशची जोडी. त्यातली मादी अंगाने थोराड, ती मालकीण. नर बोटाएवढा, तो बारक्या. तिघं कित्येक वर्षं गुण्यागोविंदाने नांदत होते.

आणि एका सकाळी, काही कारण नसताना, मागच्या गोडाऊनचा ट्रेलर रिव्हर्स घेता घेता यांच्या भिंतीवर आदळला. भिंत उभी राहिली, पण टाकी अशी हादरली की कोपऱ्यातला जोड उघडला आणि पाणी धो धो जमिनीवर. सुवर्णाच्या तोंडचं पाणी पळालं. जमेल तेवढं जुनं पाणी तिने बादल्यांत धरलं, तिघांना तीन बादल्यांत घातलं आणि कामतघरच्या मनोजला फोन लावला. मनोजचं तिथे पाळायच्या माशांचं दुकान, तिचे तिन्ही मासे त्याच्याकडचेच. भला माणूस, दुसरी टाकी रिक्षात घालून धावत आला, पाणी तयार करून दिलं आणि दुकान उघडं टाकून आलोय म्हणत तसाच परत गेला.

आता मासे सोडायचे. इथे घोळ झाला. सुवर्णा बारक्याची बादली उचलायला गेली तर सासूबाई मागून म्हणाल्या, "आगो, काय करतेस? थोरल्याला पयला सोड. मान त्याचा हाय."

या घरात हळदीला काय नि पंगतीला काय, थोरल्याच्या आधी कुणी पाट घेत नाही. सुवर्णाला त्यात वावगं वाटलंच नाही. तिने फोनमधला फोटो बघून सगळे दगड पूर्वीच्याच जागी लावले आणि दादाला पहिला सोडला. मग फरशी पुसणं आलं, ओल्या गाद्या उन्हात टाकणं आलं. जोडीला सोडेपर्यंत संध्याकाळ झाली. तेवढ्या वेळात दादाने अख्खी टाकी आपल्या नावावर करून टाकली होती.

सकाळी उठून बघते तर बारक्याची शेपटी फाटलेली, अंगावर ओरखडे. टँगच्या शेपटीपाशी दोन्ही बाजूंना पात्यासारखे काटे असतात, दादा त्यांनीच वार करत होता. मालकीण दगडाखाली दडून बसलेली. बारक्या वरच्या कोपऱ्यात, पंपाच्या आड, नुसता धापा टाकत. खायला टाकलं तर तोंड फिरवलं. उपाशी मासा किती दिवस काढणार? हा जाणार, जाणारच हा, असं सुवर्णाचं मन घोकत राहिलं.

मनोज फोनवरच ओरडला. "ताई, दांडगोबाला कधी पहिला सोडतात का? कमजोर पहिला, दांडगा शेवटी! आता एक कर. भोकांची टोपली घे, दादाला त्यात घालून टाकीतच तरंगत ठेव. दगड सगळे हलव, घर कुणाला ओळखू आलं नाही पाहिजे. लाइट बंद ठेव. बारक्या नीट खायला लागला की मगच दादाला बाहेर काढ."

सुवर्णाने तसंच केलं. बायजाबाईंचं तोंड मात्र एवढंसं झालं. "थोरल्याला कोंडायचं? आन् बारक्यानं मोकळं फिरायचं? ही कुठली रीत?"

"आई, तो मारतोय त्याला."

"थोरला हाय, दटावनारच."

"आई, तुम्हाला हात जोडते, टोपलीला हात लावू नका."

दोन दिवस बरे गेले. बारक्या कोपरा सोडून थोडा खाली आला, पण खाईना. तिसऱ्या दिवशी सुवर्णा ड्युटीवर गेली, पण जीव घरीच टांगलेला. जेवणाच्या सुट्टीत घरी फोन केला. वाजून वाजून बंद. परत केला. कुणी उचलेना. आता बारक्याचं काही झालं, की सासूबाईच पडल्या? दिनेश तिकडे वापीला. एकाच खोक्यावर तिने दोनदा चिकटपट्टी मारली. शेवटी तिने मेघाली मॅडमना, म्हणजे सुपरवायझरना, अर्धी सुट्टी मागितली आणि मिळेल ती रिक्षा धरली.

दार उघडंच होतं. बायजाबाई टाकीपाशी स्टुलावर, उजवा हात कोपरापर्यंत पाण्यात. फोन पलीकडच्या खिडकीत पडलेला. टोपली रिकामी.

"आई!"

"वरडू नको," बायजाबाई हळूच म्हणाल्या. "मीच सोडला त्याला. कोंडलेला बघवंना गो. सोडला नि सुटला ना त्याच्या अंगावर! ह्यो बारका जीव घाबरून उडाला तो थेट फरशीवर. वल्या हातानं उचलला, परत घातला. तवापासून बसलेय. हात काढला की मारतो."

"कधीपासून बसलायत?"

"काय म्हाईत. तू गेलीस, भांडी झाली, तवापासून."

सुवर्णा तोंडात भांडणच घेऊन आली होती. सासूचा हात बघितला आणि तिला रडूच फुटलं. पाण्यातली बोटं पांढरीफटक, सुरकुतून गेलेली. त्या ओंजळीत बारक्या आडवा टेकलेला, कल्ले हलत होते. दादा हातापाशी येई, बांगड्यांना धडकून माघारी फिरे.

तिने दादाला जाळीत धरला आणि परत टोपलीत घातला. "झालं, आई. काढा हात."

बायजाबाईंनी हात जरा हलवला. बारक्या हातासोबतच वर आला. त्यांनी हात होता तिथे परत ठेवला.

"राहू दे," त्या म्हणाल्या. "त्याचा खाऊ आन इकडं."

सुवर्णाने दाण्यांची डबी आणली आणि सवयीने आधी टोपलीकडे वळली.

"तिकडं नको," बायजाबाई म्हणाल्या. "थोरला थांबंल. आधी ह्याला घाल."

तिने चिमूटभर दाणे त्या ओंजळीवर सोडले. दोघी वाकून बघत राहिल्या. एक दाणा बुडाला, दुसरा बुडाला. तिसऱ्याला बारक्याने तोंड उघडलं.