मामी बसायच्या ती बाजू

माझ्या बायकोच्या थोरल्या मामांनी आयुष्यात एकही वस्तू दुरुस्तीला बाहेर दिली नाही, आणि त्यांनी दुरुस्त केलेली एकही वस्तू पुन्हा पूर्वीसारखी वागली नाही. कसब्यातल्या त्यांच्या घरचा पंखा त्यांनी एकदा उघडून जोडला, तेव्हापासून तो वारा छताकडे फेकतो. "छत गार राहिलं की खोली गार राहते," हे मामांचं स्पष्टीकरण. कुकरची शिट्टी त्यांच्या हाताखालून गेली आणि कायमची मुकी झाली. वरण शिजलं की नाही हे मामी वासावरून ओळखायला शिकल्या. चष्म्याची काडी तांब्याच्या तारेने बांधल्यामुळे मामांचा एक कान हिरवट असतो. कारागिराचं नाव काढलं की विचारतात, "का? आम्हाला हात नाहीत?" हात आहेत, हीच तर सगळ्यांची तक्रार.

लग्नामुंजीला भांडी भाड्याने देण्याचा त्यांचा धंदा होता. तो बंद होऊन बरीच वर्षं झाली, पण भांडी वाहणारा जुना पिकअप अजून बोळाच्या तोंडाशी उभा असतो आणि जाणारा-येणारा त्याला वळसा घालताना मामांच्या कुळाचा उद्धार करतो. गाडीत पुढे एकच सलग सीट, एसटीच्या बाकासारखी. चालवायच्या बाजूला मामांनी वेळोवेळी उशा, तरट, फाटकी सतरंजी कोंबून आपलं आसन उंच ठेवलं होतं. डावी बाजू मात्र पार खाली गेली होती. तिथे मामी बसायच्या. आधी भांडी पोचवायला आणि परत आणायला, आणि धंदा बंद झाल्यावर दर रविवारी खडकवासल्याला. मुळात बुटक्या मामी त्या खळग्यात बसल्या की बाहेरून त्यांचा फक्त अंबाडा दिसायचा.

मग मामी आजारी पडल्या. आजार हाडांत उतरलेला. डॉक्टरांनी सगळं करून पाहिलं आणि शेवटी, आता घरी न्या, म्हणाले. याचा अर्थ न कळण्याएवढं आमच्यात कुणीच लहान नव्हतं. आम्ही रुग्णवाहिका ठरवायला लागलो तर मामी म्हणाल्या, "आडवी आले, आडवी जायची नाही. आपल्या गाडीतून न्या." डॉक्टर कुरकुरले, मग कबूल झाले. फक्त धक्का लागता कामा नये, कण्याला सोसणार नाही, असं बजावलं. म्हणजे सगळं त्या सीटवर आलं, आणि सीट मामांवर. मी अक्षरशः हात जोडले. म्हटलं, मामा, या वेळी तरी सीटवाल्याकडे देऊ या.

"त्याला गाडी कळते, जावईबापू. हिची कंबर कळते का?"

झालं. बोळातच सीट उतरवली गेली. रेक्झिन सोलल्यावर आतून काथ्याचा भुगा, गंजून तुटलेल्या स्प्रिंगा आणि वाढायचा एक डाव निघाला. हाच डाव हरवल्यावरून मामांनी एका वरपक्षाशी भर मांडवात भांडून जन्माचं वैर घेतलं होतं. मामांनी तो धोतराच्या फडक्याने पुसला, बाजूला ठेवला आणि म्हणाले, "तरी ती माणसं उर्मटच होती." मग सांगाड्यावर त्यांनी बाजेची नवार घट्ट ओढून विणली, वर गोणपाट, त्यावर फोम आणि सगळ्यात वर मामींनीच शिवलेली गोधडी. बसून बघायला माझं वजन चालेना, म्हणून मामींच्या वजनाचं तांदळाचं पोतं डावीकडे ठेवून ते पेठेतून फेरी मारायचे आणि खड्डा आला की पोत्याकडे बघायचे. रोज दवाखान्यातून परतले की पोत्याचं तोंड सोडून थोडे तांदूळ डब्यात काढायचे. मला ते बघवायचं नाही. मी गाडीमागे जाऊन उभा राहायचो.

मामींना आणायच्या दिवशी सकाळी त्यांनी गाडीची किल्ली माझ्या हातात ठेवली. त्या गाडीचं स्टिअरिंग दुसऱ्या कुणी धरलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. "पोतं बोलत नाही," मामा म्हणाले. "तुम्ही चालवा, मी बसून बघतो." असे ते पहिल्यांदाच डावीकडे बसले. नदीच्या पुलावर आल्यावर ते हळूहळू खाली घसरले, जुनी सीट जेवढी खोल होती तेवढे, आणि तसेच राहिले. पाठीत चमक भरली असं वाटून मी घाबरलो.

"इथून काही दिसतच नाही हो," ते म्हणाले. "नुसता डॅशबोर्ड, आणि वर विजेच्या तारा. मी आपला दर रविवारी हिला सांगतोय, ते बघ धरण, ते बघ बगळे. आणि ही आपली म्हणतेय, हो हो, छान आहे."

एवढं बोलून त्यांनी तोंड खिडकीकडे वळवलं. मीही सरळ रस्त्याकडे बघत गाडी चालवली.

दुपारी मामींना आणलं. मामा चालवत होते आणि मी मागे हौद्यात बोचकी धरून बसलो होतो. केबिनची मागची काच मामांनीच बसवलेली असल्यामुळे आतलं सगळं स्वच्छ ऐकू येत होतं. गाडी इतकी हळू चालली होती की केळ्यांची एक हातगाडी आम्हाला मागे टाकून गेली. एका स्कूटरवाल्याने शेजारी येऊन "काका, ढकलू का?" असंही विचारलं. मामांनी उत्तर दिलं नाही, हे पुण्यात नोंद घेण्याजोगं होतं. मामी ताठ बसून काचेतून बघत होत्या. दुकानं, सिग्नल, मेट्रोचे खांब. बऱ्याच वेळाने म्हणाल्या, "अहो, केवढी गर्दी झालीय पुण्यात!"

मामा नुसतं "हो गं" म्हणाले.

बोळाशी मी उतरून खुर्ची आणली, शेजारचे दोघे उचलायला आले. मामी उतरेनात.

"दुखतंय का गं?" मामांनी शेवटी विचारलं. सबंध वाटेत ते विचारायचा त्यांना धीर झाला नव्हता.

"नाही हो. चांगली केलीत. आणखी एक चक्कर मारा ना."

आम्ही खुर्ची बाजूला घेतली. मामांनी गाडी मागे घेतली आणि दोघं पुन्हा रस्त्याला लागली.

पुढे पंधरवड्यातच मामी गेल्या. तो दिवस मला नीट आठवत नाही. आठवते ती ही संध्याकाळ. गाडी परत आली तेव्हा घरोघरी दिवे लागले होते. मामी मान कलती करून गाढ झोपल्या होत्या. इंजिन बंद केलं तर त्यांना जाग येईल म्हणून मामांनी ते चालूच ठेवलं होतं, आणि आम्ही पुढे झालो तेव्हा एक हात वर करून त्यांनी आम्हाला लांबच थांबवलं.