इटलीच्या वहीतली कोरी जागा

गेल्या महिन्यात जीप विकली. द्यायच्या आधी धुवायला काढली, तर सीटच्या खाचेतून आणि मॅटखालून एवढं निघालं की बायको म्हणाली, "गाडी होती का अडगळीची खोली?" नारळाच्या दोन शेंड्या, कोण्या नवरदेवाचा सुकलेला हार, चष्म्याची एक काडी, लग्नाच्या पत्रिका. किस्स्यांचं तसंच आहे. आपण काही जमवायला जात नाही. लोक बसतात, उतरतात, मागे सोडून जातात.

चाळीसगाव स्टेशनबाहेर बावीस वर्षं भाडं मारलं. बाकीचे किस्से राहू द्या. इटलीच्या बाईचे तेवढे सांगतो, कारण स्टँडवरचे म्हणतात धनराज फेकतो. मी भांडतो, शिव्या देतो. फेकत नाही.

*

पहिला दिवसच असा.

चैत्राचं ऊन, डांबर चपलेला चिकटत होतं. साठीची एक गोरी बाई स्टेशनातून बाहेर आली. पाठीवर पिशवी, हातात प्लास्टिकची फाईल. माझ्याजवळ आली, फाईल उघडून बोलायला लागली. मी जेमतेम सातवी. इंग्रजीतलं 'येस' आणि 'नो' एवढंच माझं. पण गोरा माणूस चाळीसगावला उतरला की वेरूळला जातो, हे काय मला कोणी शिकवायचं? "येस, येस" म्हटलं, दार उघडलं आणि गाडी घाटाला लावली.

बाई मागून बोलतेय. मी आरशात बघून मान हलवतोय. घाटात तिनं माझा खांदा गदागदा हलवला. मला वाटलं देखावा आवडला. गाडी थांबवली, तिचा मोबाईल घेतला आणि दरीकडे तोंड करून तिचा फोटो काढला.

वेरूळला लेण्यांसमोर उतरवलं तर तिनं लेण्यांकडे पाहिलंसुद्धा नाही. फाईल बॉनेटवर आपटली. आत एक जुनं पोस्टकार्ड. तिथला गाईड ते बघून म्हणाला, "दादा, यांना लेणी नकोत. यांना चाळीसगाव-धुळे लाईनीवरचा पूल पाहिजे."

"मग आधी सांगायला काय झालं होतं?" मी ओरडलो.

गाईडनं विचारलं. मला म्हणाला, "स्टेशनवर तीनदा सांगितलं म्हणतात. घाटात चारदा."

*

असल्या जुन्या कागदाच्या आणि इंग्रजीच्या कामाला आमच्याकडे एकच माणूस. धुळ्याचे नाना, माझ्या बायकोचे मामा. सगळी नोकरी सरकारी रेकॉर्डात गेली, मोडी घडाघडा वाचायचे. रिटायर झाले तरी इस्त्रीचा शर्ट घालून ओट्यावर बसायचे. दोन वर्षं झाली त्यांना जाऊन. अजूनही धुळ्याला गेलो की गाडी आपोआप त्यांच्या गल्लीत वळते.

नानांचं इंग्रजी म्हणजे सरकारी पत्र. बाईला समोर बसवलं आणि म्हणाले, "विथ रेफरन्स टू युअर ग्रेट ग्रँडफादर, काइंडली टेक टी." बाईनं चहा घेतला. तिथून त्यांचं जमलं.

बाईचं नाव लुचिया. तिचा पणजोबा, बात्तिस्ता, दगडाचा गवंडी. तिकडच्या डोंगरातल्या गावातून इथं गिरणेवरच्या पुलाच्या कामाला आला. शेवटचं कार्ड गेलं ते असं, की पूल झाला, पुढच्या बोटीनं निघतो. तिकडे बायको पोटुशी. तो काही पोचला नाही. गाव म्हणालं, पळाला, तिकडं दुसरी केली.

"त्यांच्या चर्चच्या वहीत प्रत्येकाचा जन्म, लग्न, मृत्यू," नाना मला सांगत होते. "त्याच्या नावापुढं मृत्यूची जागा कोरी. कागद नाही म्हणून फादरनं लिहिलं नाही. त्यामुळं त्याची बायको मरेपर्यंत विधवाही नाही आणि सवाष्णही नाही. आता हिचा बाप नव्वदच्या पुढं गेलाय. तो म्हणतो, माझा आजा पळाला का मेला, एवढं कळू दे. मग मी जातो."

मी विचारलं, "आणि दुसरी केली असली तर?"

नाना म्हणाले, "तर तेही लिहायचं."

*

मृत्यूच्या जुन्या वह्या बघायला एका कचेरीत गेलो. कोणती ते सांगत नाही, मला अजून तिथून दाखले काढायचे असतात.

खिडकीतला क्लार्क म्हणाला, "अर्जदाराचं आधार कार्ड?"

"इटलीची आहे ती," मी म्हटलं.

"मग रहिवासी दाखला आणा. आणि मयताची जात लिहिली नाही. रकाना रिकामा चालत नाही."

माझं डोकं सरकलं. मी काउंटरवर हात आपटला, त्याचा चहा सांडला, त्यानं खिडकी बंद केली. जेवणाची सुट्टी. सकाळचे सव्वाअकरा.

नाना म्हणाले, "धनराज, तू गाडीत बस. तुझं काम स्टेअरिंग." आणि मागच्या दारानं आत गेले. अर्ध्या तासानं डोकावलो तर तो क्लार्क स्टुलावर चढून नानांना गठ्ठे काढून देत होता. नानांनी त्याला एवढंच विचारलं होतं म्हणे, की तुझ्या बापाचं अक्षर एवढं चांगलं, तुझं असं कसं? त्याचा बाप नानांच्या हाताखाली होता.

मग चार दिवस तेच. नाना बोट ठेवून वाचायचे, "ताप. ताप. पटकी. बाळंतपण. ताप." बाईला ते इंग्रजीत सांगायचे. पहिल्या दिवशी बाई वही बघत होती. दुसऱ्या दिवशी पाच दिवसांचं मूल, आठ दिवसांचं मूल, असं ऐकून डोळे पुसायला लागली. मी म्हटलं, "हिला सांगा, ही लोकं हिची नाहीत."

नाना म्हणाले, "सांगितलं. ती म्हणते, कोणाची तरी आहेत ना."

पुलाजवळच्या गावाची त्या सालाची वही निघाली. तिच्यात वाळवी शिरलेली. पुठ्ठा होता, आत चाळणी.

*

मग भुसावळकडे एका जुन्या चर्चला गेलो. राखण करणारे योसेफकाका, म्हातारा गोड माणूस. त्यांनी दफनाची वही काढून दिली. ड्रायव्हर, गार्ड, त्यांच्या बायका, पोरं, सगळे रांगेनं. बात्तिस्ता नाही. बाईचं तोंड उतरलं.

योसेफकाकांना ते बघवलं नाही. एवढ्या लांबून आलेल्या माणसाला रिकामं कसं पाठवायचं? त्यांनी तिला हाताला धरून मागे नेलं, निंबाखाली एक बिननावाची कबर दाखवली आणि म्हणाले, "हीच ती."

बाई खाली बसली. फुलं नव्हती, तर तिनं निंबाचा मोहर गोळा करून वाहिला. मीसुद्धा टोपी काढली. झालं काम, म्हटलं, घरी जाऊ.

नानांनी काकांना बाजूला घेतलं. "कशावरून?"

काका म्हणाले, "नाना, त्या जागी कोण आहे हे देवाला ठाऊक. बाईला बरं वाटलं ना?"

नानांनी तिथल्या तिथं बाईला खरं सांगितलं. परत येताना मी सहन केलं, सहन केलं, आणि पारोळ्याच्या अलीकडे गाडी कडेला घेऊन नानांवर फुटलो. "तुमचं काय जात होतं? म्हातारा तिकडं वाट बघतोय. सुखानं मेला असता."

नाना म्हणाले, "कोऱ्या जागेत खोटंच लिहायचं असतं, तर इटलीत पेन मिळत नव्हता का?"

*

राहिलं ते पुलाजवळचं गाव. त्याचंही नाव नको.

आम्ही पोचायच्या आधी बातमी पोचली होती. गोऱ्या साहेबाची वारस आली, जुनी दप्तरं तपासून आली, आता मोजणी लावणार. आमच्याकडे कोणी जुने कागद काढले, की जमिनीशिवाय दुसरं कारणच नसतं. पंडित पाटलानं रस्त्यात ट्रॅक्टर आडवा लावलेला. काखेत सातबारा, प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून. मागे चौदा-पंधरा माणसं.

"कोनी शे ती?" पाटील म्हणाला. "कोनता गट नंबर पाहिजे तिले?"

"ट्रॅक्टर काढ आधी," मी म्हटलं.

"नही काढत."

मी खाली उतरलो. कॉलर धरायला हात पुढं गेलाच होता, तेवढ्यात नाना मधे आले आणि बाईला काहीतरी बोलले. तिनं फाईलमधून कोरा कागद काढला, बॉनेटवर ठेवून लिहिलं, सही केली. नानांनी खाली मराठी केलं आणि मोठ्यानं वाचलं, "मला या गावात जमीन नको, घर नको, विहीर नको. मला फक्त माझा पणजोबा पाहिजे."

पाटलानं कागद घेतला, घडी केली, सातबाऱ्याच्या पिशवीत घातला. मग म्हणाला, "विहिरीचं लिव्हं हे चांगलं करं."

ट्रॅक्टर निघाला. तीन घरांतून चहा आला. आणि त्या गर्दीतून पाटलाची आई, अक्का, पंचाऐंशीची असेल, काठी टेकत पुढं आली.

"पूलवाला का?" ती म्हणाली. "त्याले तर आम्ही दरसाल पानी देतस."

*

दुसऱ्या दिवशी आखाजी होती. अक्षय तृतीया. आमच्या खान्देशात त्या दिवशी पितरांची घागर भरतात, एकेकाचं नाव घेऊन पाणी घालतात, आणि चुलीच्या विस्तवावर सगळ्या स्वयंपाकाचा घास टाकतात. त्याला आगारी म्हणतात.

आत जायच्या आधी नाना बाईला म्हणाले, "पणजोबाचा फोटो पर्समधून काढू नका. आधी म्हातारी काय सांगते ते ऐकू."

अक्काच्या घरात घागरी मांडलेल्या. सगळ्यांत शेवटी एक छोटी, वेगळी.

"आम्हना ओसरीवर राहे तो," अक्का सांगत होती. "डावा हातना दोन बोटे नव्हतात. पटकी उनी, दोन दिनमा गया. रेल्वेवाला कोनी उना नही. मना आजसासरानी त्याले आग दिन्ही. त्याना मांगे कोनी नव्हतं, म्हनीसन पानी आम्ही देतस."

"नाव?" नानांनी विचारलं.

"नाव कोनले माहीत? बठ्ठा पूलवालाच म्हनेत."

नानांनी बाईकडे बघून मान हलवली. तिनं फोटो काढला. जाड मिशांचा माणूस, खुर्चीच्या पाठीवर डावा हात. तीन बोटं. मी मोजली. परत मोजली. मग बाहेर जाऊन गाडीचं बॉनेट उघडून उगाच पाणी बघत बसलो.

आत आलो तर अक्का आगारी टाकत होती. पुरणपोळी, आमरस, भजी, तिखटजाळ लाल रशी. पूलवाल्याच्या पाळीला तिनं रशी वगळली आणि साधं दूध टाकलं.

"असं का?" नाना म्हणाले.

"त्याले तिखट चाले नही. मनी सासूनी सांगेल व्हतं."

नानांनी तिथंच बैठक मारली आणि पंचनामा लिहायला घेतला. मयत, ठिकाण, कारण, अग्नी कोणी दिला. पाच पंच, अक्काचा अंगठा पहिला. शेवटची ओळ मी वाचली. 'मयतास तिखट चालत नव्हते.'

"नाना, हे कशाला?" मी म्हटलं. "इटलीचा फादर हसेल."

"पंच सांगतील ते लिहायचं," नाना म्हणाले. "आपण गाळायचं नाही."

फादर हसला नाही. त्यानं त्या कोऱ्या जागेत मृत्यू लिहिला आणि समासात अख्खा पंचनामा उतरवला, शेवटच्या ओळीसकट. बाईनं पानाचा फोटो पाठवला. तिच्या बापानं ते पान चार वेळा वाचून घेतलं म्हणे.

*

त्या हिवाळ्यात बाईचा बाप गेला. नानांनी मला फोनवर सांगितलं, मी अक्काला जाऊन सांगितलं. ती "बरं" म्हणाली, बस.

पुढच्या आखाजीला मी त्या गावात भाडं सोडायला गेलो होतो. म्हटलं, अक्काला भेटून जाऊ. चूल पेटलेली, घरदार आगारीची वाट बघत बसलेलं, पाटील भुकेनं चिडलेला. घागरी मांडलेल्या. शेवटी दोन छोट्या.

"हाई दुसरी कोनी?" मी विचारलं.

"त्याना नातूनी," अक्का म्हणाली. "बरं झालं तू उना. याले तिखट चाले का रे?"

मला काय माहीत? मी नानांना फोन लावला. नानांनी इटलीला लावला. इकडं विस्तव विझत चाललेला, अक्का फुंकणीनं फुंकतेय आणि कोणाला जेवायला वाढत नाहीये. पाटील म्हणाला, "माय, टाक ना काही बी." तिनं फुंकणी त्याच्याकडं नुसती रोखली.

दहा मिनिटांनी नानांचा फोन आला. "विचारलं. त्याला तिखट फार आवडायचं. पण शेवटची पाच वर्षं डॉक्टरनं बंद केलं होतं. अक्काला विचार, काय करायचं."

मी अक्काला सांगितलं.

"आते कसाना डॉक्टर," अक्का म्हणाली, आणि रशीची अख्खी वाटी विस्तवावर उपडी केली.

सगळ्या घराला ठसका लागला.