बाबांच्या हाती उंदीर

माझ्या बाबांनी एक्केचाळीस वर्षं दुकानांचे बोर्ड रंगवले. शिडीवर उभं राहून, पट्टी न लावता ते अशी सरळ रेघ ओढायचे की येणारे-जाणारे मान वर करून बघत राहायचे. मग उजवा हात थरथरायला लागला. डॉक्टर म्हणाले, "वयोमानाने होतं, घाबरू नका." बाबा घाबरले नाहीत, चिडले. ब्रश धुऊन, कागदात गुंडाळून त्यांनी माळ्यावर टाकले आणि रस्त्यातल्या प्रत्येक छापील बोर्डाला नावं ठेवायचा नवा उद्योग सुरू केला. "तो 'ळ' बघ, पोटात कळ आल्यासारखा वाकलाय!" त्यांच्यासोबत भाजी आणायला जायचं म्हणजे शिक्षाच.

माझी मुलगी सात वर्षांची. एका जागी टिकत नाही म्हणून तिला आम्ही भिंगरी म्हणतो. तिच्या बाईंनी मुलांना चित्रं रंगवायचा एक प्रोग्रॅम दिला, तो मी घरच्या जुन्या कॉम्प्युटरवर टाकला. त्यात ब्रश फिरवला की फुर्र, खोडलं की धडाम, आणि बदकाचा शिक्का मारला की खरोखरचं क्वॅक क्वॅक.

"आजोबा, या, उंदीर धरा," तिने माऊस पुढे केला.

बाबांनी रेघ ओढली. गांडूळ उमटलं. ते उठायलाच निघाले, तेवढ्यात भिंगरीने एक बटण दाबलं आणि गांडूळ गायब.

"कुठे गेलं?"

"चुकलं की हे दाबायचं. मग चुकलंच नव्हतं असं होतं."

बाबा मटकन परत बसले. "एकदा मी न्हाव्याच्या बोर्डावर एक काना जास्तीचा दिला होता," ते म्हणाले. "अख्खा बोर्ड घासून पुन्हा रंगवला, तेही उन्हात. तेव्हा कुठे होतं गं हे बटण?"

त्या दिवसापासून आमच्या घरात भांडणं सुरू झाली. "आई, आजोबा उठतच नाहीत!" "अगं, ती मघापासून नुसती बदकंच उमटवतेय!" शेवटी मी दोघांना अर्धा-अर्धा तास वाटून दिला. माझी आई स्वयंपाकघरातून बाबांना ओरडायची, "अहो, या वयात कसले आवाज काढताय?"

एक दिवस कोपऱ्यावरचा सायकलवाला आला. त्याला नवा बोर्ड हवा होता, तोही बाबांच्याच हातचा.

"हात राहिला नाही रे," बाबा म्हणाले.

"कोण म्हणतं?" भिंगरीने त्याला ओढत कॉम्प्युटरपाशी नेलं. पडद्यावर बाबांची सायकल होती. चाकं गोलाच्या बटणाने काढलेली म्हणून गरगरीत, पण खाली 'सायकल' ही अक्षरं हाताने काढलेली, सगळी थरथरती. आणि सीटवर भिंगरीने गुपचूप बसवलेलं एक बदक. बाबा ते पुसायला धावले.

"राहू द्या, काका!" सायकलवाल्याने त्यांचा हात धरला. "अक्षरं बघा, खडकाळ रस्त्यावरून सायकल चाललीय असं वाटतंय. मला हाच बोर्ड पाहिजे."

बोर्ड छापून लागला. बाबा समोरच्या फुटपाथवर बराच वेळ उभे राहिले. मी म्हटलं, आता खूश होतील. ते म्हणाले, "दुसरं अक्षर केसभर खाली आलंय." पण दुसऱ्या दिवशी वाट वाकडी करून तिथूनच गेले.

हल्ली दर शनिवारी ते भिंगरीच्या शाळेत मुलांना अक्षरं काढायला शिकवतात. परवा त्यांनी शाळेच्या कॉम्प्युटरवर तासभर खपून मोठ्ठा 'अ' रंगवला आणि जतन करायचं विसरून प्रोग्रॅम बंद केला. एक मुलगी तर रडायच्या बेतात आली. बाबांनी चष्मा पुसला, बाह्या वर सारल्या आणि विचारलं, "आता कुठला रंग देऊ या?"

तीस मुलं एकदम ओरडली. प्रत्येकाचा रंग वेगळा.