सत्यजीतने पुसलेली डिस्क

तळेगाव ढमढेऱ्यात अनुपमाचा फोटो स्टुडिओ होता. नवरा कुरकुंभच्या कारखान्यात, तिथंच खोली करून राहणारा. त्यामुळे लग्नाचं शूटिंग धाकटा दीर सत्यजीत करायचा आणि एडिटिंग अनुपमा.

बॅकअपची स्क्रिप्ट, म्हणजे आपोआप प्रती काढणारा छोटा प्रोग्राम, सत्यजीतने कुणा ओळखीच्याकडून आणलेली. ती ‘ई’ ड्राइव्हवर स्टुडिओचं काम उतरवायची आणि तिथलं बाकी सगळं पुसायची. अनुपमानं तेव्हाच बजावलं होतं, “भावजी, आधी जी डिस्क लावाल तिला ‘ई’ मिळतं. अक्षर बदलत राहतं. डिस्कला नाव द्या, आन् नावानं शोधायला लावा.”

“चाललंय ना? मग कशाला बोट घालता?” तो हसला होता.

एका दुपारी त्यानं आधी शिरूरच्या एका गिऱ्हाइकाची, हन्नाची, लग्नाचं शूटिंग असलेली डिस्क लावली आणि बॅकअप सुरू केला. ‘ई’ तिलाच मिळालं आणि ती साफ झाली. शूटिंगची दुसरी प्रत नव्हती. कॅमेऱ्याची कार्डं तर दुसऱ्या ऑर्डरसाठी कधीच रिकामी केलेली.

“वहिनी, कंप्यूटर येडा झाला.”

“कंप्यूटर न्हाई, तुम्ही!” तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. हन्नाचे वडील नथानिएल लग्नानंतर महिन्याभरातच गेले होते. त्यांनी लेकीसाठी केलेली प्रार्थना त्या शूटिंगमध्येच होती.

“कार्ड खराब निघालं म्हणू,” सत्यजीत पुटपुटला.

त्यावर ती उठलीच. त्याला गाडीवर बसवून थेट शिरूरला हन्नाच्या दारात नेलं. “बोला आता. खरं तेच बोला.”

तो अडखळत बोलला. हन्नानं ऐकून घेतलं. “बाबांचा आवाज होता त्यात,” एवढंच म्हणाली आणि दार लावून घेतलं.

परत आल्यावर अनुपमानं जुनी स्क्रिप्ट उडवली आणि नवी लिहिली. स्क्रिप्टनं आधी डिस्कला दिलेलं नाव तपासायचं. नाव जुळलं तरच पुढं, नाहीतर तिथंच थांबायचं. एकाच नावाच्या दोन दिसल्या, तरी थांबायचं.

पुढच्या आठवड्यात सत्यजीत ओरडला, “वहिनी, तुमचं हे चालंना!”

“चालतंय. डिस्क भलतीच लावलीय तुम्ही.”

त्यानं ती काढून दुसरी लावली. तिनं मागं वळूनही पाहिलं नाही.

दिराशी ती आता कामापुरतंच बोलते. एडिटिंग करताना एखाद्या नवरीचा बाप बोलायला लागला, की तिचा राग पुन्हा उसळतो. मग ती आवाज बंद करते आणि बाहेर जाऊन उभी राहते.