नावामागचा आकडा

वहिनींचा फोन आला तेव्हा मी शाळेत नववीचा वर्ग घेत होते. "शुभा, तुझे दादा गेले गं..." एवढंच त्या बोलल्या. विनयदादा, माझा चुलत भाऊ. छातीत दुखतंय हे त्याने घरात कोणालाच सांगितलं नव्हतं. दवाखान्याची त्याला भीती वाटायची. आता महिना होत आला. देवासच्या मराठी घरांत त्याचा विषय निघाला की लोक म्हणतात, "भला माणूस, पण फार भित्रा." ते खोटं नाही. टेकडीवर देवीला जातानासुद्धा तो कठड्यापासून लांब, आतल्या बाजूने चालायचा. कुलूप लावून निघाला की गल्लीच्या टोकावरून परत यायचा, ओढून बघायचा. उंची, पाणी, कुत्री, अनोळखी फोन... सगळ्यांची भीती. पण त्या एका वर्षी त्याने जे केलं ते मी जवळून बघितलंय, म्हणून हे लिहायला बसले.

दादा देवासच्या एका कारखान्यात कॉम्प्युटर विभागात होता. गावात इंटरनेट आलं तेव्हा आमच्या घरात ते फक्त त्यालाच समजत होतं. माझ्या बाबांना तो समजवायचा, "काका, प्रत्येक कॉम्प्युटरला एक आकडा असतो, आपल्या फोन नंबरासारखा. माणसाला आकडे लक्षात राहत नाहीत, म्हणून त्यांना नावं दिलीत. तुम्ही नाव टाइप करता, मग मधली यंत्रं एकमेकांना विचारतात, या नावाचा आकडा काय? आणि तुम्हाला त्या आकड्यावर नेऊन सोडतात." बाबा मान हलवायचे. पुढे समाजातल्या लोकांच्या आग्रहावरून त्याने देवास, धार आणि इंदूरच्या मराठी कुटुंबांसाठी वधू-वरांची वेबसाइट बनवली. मुलामुलींचे फोटो, शिक्षण, घरचा फोन. माझाही पिवळ्या साडीतला फोटो होता. वेबसाइटचं नाव घेऊन दिलं इंदूरच्या पंकज नावाच्या कॉम्प्युटरच्या दुकानदाराने, आणि सोयीचं म्हणून स्वतःच्याच नावावर नोंदवलं. ते तेव्हा कोणालाच खटकलं नाही.

दोन हजार तीन-चारची गोष्ट असेल. एका दुपारी घरचा फोन वाजला. मी उचलला. पलीकडचा माणूस हिंदीत माझं नाव घेऊन असं काही बोलला की मी रिसिव्हर आपटला. "कोण होतं गं?" आईने आतून विचारलं. "राँग नंबर," मी म्हटलं. थोड्या वेळाने परत वाजला. संध्याकाळी दादा आला तो पांढराफटक पडलेला. धारहून त्याला कोणीतरी कळवलं होतं. आमचीच वेबसाइट, तेच नाव, तेच फोटो... पण प्रत्येक मुलीच्या फोटोखाली घाणेरडा मजकूर आणि घरचा फोन नंबर. "माझं पान जिथे होतं तिथेच आहे शुभा," तो म्हणाला, "कोणीतरी नावामागचा आकडा बदललाय. लोक आपलं नाव टाइप करतात आणि पोचतात त्याच्या कॉम्प्युटरवर." मग अगदी हळू आवाजात, "सगळ्यांनी मुली माझ्या भरवशावर दिल्या होत्या."

त्या दिवसांत रस्त्यात कोणी जरा वळून बघितलं की वाटायचं, याने बघितलंय. बाबांनी फोनची वायर काढून ठेवली. शाळेत शिकवायला जाताना मी ओढणीने तोंड बांधून घ्यायचे. धारच्या मंजिरीचं लग्न ठरलं होतं, ते मोडलं. दादा तिच्या घरी स्वतः गेला. तिच्या वडिलांनी त्याला दारातच उभं ठेवलं, तोंडाला येईल ते बोलले. दादा मान खाली घालून सगळं ऐकत राहिला आणि शेवटी म्हणाला, "काका, मी ते पान बंद करीन. कसं ते मला अजून माहीत नाही, पण करीन."

पोलिसांत तक्रार दिली. वेबसाइटच्या नावांची नोंद ठेवणाऱ्या मुंबईच्या कंपनीला दादाने फोन केले. ते म्हणाले, नाव ज्याच्या नावावर आहे त्याने सही करून पत्र पाठवावं, त्याशिवाय आम्ही हात लावणार नाही. पंकजचं दुकान केव्हाच बंद झालेलं. शोधता शोधता कळलं की तो सासुरवाडीला शेती बघतो, धरमपुरीसमोर, नर्मदेच्या पलीकडे. "मी येते," मी म्हटलं. घरात बसून फोनच्या त्या सुटलेल्या वायरीकडे बघत राहणं मला शक्य नव्हतं.

धरमपुरीच्या घाटावर नाव लागलेली होती. पाणी चढलेलं, गढूळ. दादा पायरीवर थांबला. त्याचा शर्ट पाठीला चिकटला होता. नावाडी धीर देत म्हणाला, "आओ भिया, बैठो, कंई नी होय." दादाने माझा दंड धरला आणि आत पाय टाकला. नदी ओलांडेपर्यंत त्याने डोळे उघडले नाहीत, ओठ नुसते पुटपुटत होते. मला पाण्याची भीती नाही, मला एकच भीती होती... पंकज नाही म्हणाला तर?

पंकज नाही म्हणाला नाही. सगळं ऐकून तो मटकन खाटेवर बसला. दुकान बंद करताना त्याने कॉम्प्युटर जसेच्या तसे विकून टाकले होते, आमच्या वेबसाइटच्या पासवर्डसकट. "भिया, मैंने सोचा ही नहीं," एवढंच तो परत परत म्हणत होता. आमच्याबरोबर तो त्याच नावेतून परत आला, सही केली, धरमपुरीहून फॅक्स केला.

नाव परत मिळालं, दादाच्या नावावर झालं, त्याने आकडा बदलून एका कोऱ्या पानाचा लावला. मला वाटलं, सुटलो. देवासला पान कोरं दिसायला लागलं होतं. पण धारहून दादाला फोन, "अजून तेच दिसतंय!" दादा म्हणाला, मधली यंत्रं जुना आकडा काही काळ लक्षात ठेवतात, सगळीकडून पुसला जायला वेळ लागतो. काहीच करता येत नाही, थांबायचं. तो धारला जाऊन तिथल्या इंटरनेटच्या दुकानात बसून राहिला. पान परत परत उघडायचं, आणि दर वेळी आम्ही तशाच तिथे... दुसऱ्या दिवशी दुपारी त्याचा फोन आला. बाबांनी वायर जोडून ठेवली होती. "गेलं," तो म्हणाला, आणि रडायला लागला.

ते कॉम्प्युटर पुढे कोणाच्या हाती गेले ते पोलिसांनाही शोधता आलं नाही, आणि हे कोणी केलं ते शेवटपर्यंत कळलं नाही. देवासातलाच कोणी असेल, शेजारचाही असेल. ते न कळणंच सगळ्यात वाईट. माझं लग्न पुढे ओळखीतून झालं, मंजिरीचंही दोन वर्षांनी भोपाळला झालं. दादाने ती वेबसाइट परत कधी सुरू केली नाही.

तेराव्याला मंजिरीचा फोन आला. सांत्वनाची दोन वाक्यं ती बोलली. मग म्हणाली, "शुभाताई, ते नाव... कोणाकडे आहे आता?" मला काही कळेना. "दादा दर वर्षी ते परत नोंदवायचे, नुसतं धरून ठेवायला. सुटलं तर कोणीही घेईल ना. झालं की मला कळवायचे, झालं म्हणून. या वर्षी..."

वहिनींना घेऊन मी दादाच्या टेबलाशी बसले. मुदत संपायला थोडेच दिवस उरले होते. जितक्या वर्षांसाठी घेता आलं तितक्या वर्षांसाठी नाव घेतलं, माझ्या नावावर केलं, आणि मंजिरीला कळवलं, "झालं." मग ते नाव टाइप केलं. इतक्या वर्षांनी पहिल्यांदाच. बोट दाबायला धजत नव्हतं. वहिनींनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. पान उघडलं. पांढरं, कोरं. आम्ही दोघी त्याच्याकडे बघत बसलो. मी अजून अधूनमधून उघडून बघते... काही नाही ना, एवढंच.